वळणावरचा आरसा

१२ फेब्रुवारी

काचबाई,

मायना काय लिहायचा यातच पहिला कागद फुकट गेला. आजवर तुला लिहिलं ते 'चि. सौ. सूनबाई' असं. आता त्यातलं 'सौ.' कुठे ठेवायचं आणि 'सूनबाई'चं काय करायचं? 'स. न. वि. वि.' लिहिलं तर वीज कंपनीकडे तक्रार करतोय असं वाटायला लागलं. शेवटी कारखान्यात हाक मारायचो तीच लिहिली. आवडली नाही तर ती सोडून पुढचं वाच.

पत्ता आपल्या नेहमीच्या काचवाल्याने दिला. तो तुझा नवा फोन नंबरही देत होता, मीच नको म्हटलं. मी फोनवर बोललो की अख्ख्या गल्लीला ऐकू जातं.

तू आणि चिरंजीव वेगळे झालात त्याला वर्ष होत आलं. एवढ्या दिवसांत एक ओळ नाही आणि आता लिहितोय ते डिंकासाठी, हे दिसायला बरं नाही हे मला कळतं. पण अडलंय ते डिंकावरच.

लाकडावर आरसा चिकटवायला तू कुठला डिंक वापरायचीस? मी दुकानातून पांढऱ्या नळीतला आणला, त्याला आंबूस वास येतो. धरतो घट्ट, पण थोड्याच दिवसांत आरशाच्या कडेने काळे डाग उठतात. पारा खातो की काय कोण जाणे. तू बसवलेल्या आरशांना असं कधी झालं नाही.

काम एका दातांच्या डॉक्टरीणबाईंचं आहे. नवं घर बांधलंय, जिना मध्येच वळतो, त्या वळणावरची भिंत रिकामी आहे. म्हणाल्या, "दिवसभर लोकांच्या तोंडात एवढासा आरसा घालून बघते. घरी एक मोठा करून द्या. आणि चौकोनी नको, चौकोनी कुठेही मिळतो." आपण दोघांनी केलेला तो लाटेचा आरसा त्यांनी कुणाच्या तरी बैठकीत पाहिला होता. मी हो म्हणून बसलो.

सागाचं जुनं खोड होतं, त्यातून उभी शेंग कोरली आहे. उंची माणसाएवढी, अंगाला थोडा पीळ, मधोमध उकललेली. त्या उकललेल्या जागेत आरशाच्या पट्ट्या बसवायच्या. लाकडाचं काम बरं झालंय. स्वतःचं आपण म्हणू नये, पण झालंय.

बाकी सगळं ठीक. उत्तर आलं तर आनंद आहे, नाही आलं तर राग नाही.

— वरच्या पत्त्यावरचा सुतार


२७ फेब्रुवारी

काचबाई,

तुझं कार्ड मिळालं. "आंबूस वासाचा डिंक आरशाला कधीच लावायचा नाही. बिनवासाचा मागा. आधी आरशाच्या पाठीला रंगाचा हात द्या, मग चिकटवा." एवढंच. खाली नाव नाही, वर मायना नाही. मायना शोधायची तुझी कटकट वाचली.

तरी ते कार्ड खिशात घेऊन दोन दुकानं फिरलो आणि बिनवासाचा आणला. तो दुकानदार मला म्हणाला, "काका, तुम्ही वास घेऊन डिंक घेणारे पहिलेच."

आता खरं सांगतो. मागचं पत्र लिहिलं तेव्हा पट्ट्या लावून झाल्या होत्या आणि खराबही झाल्या होत्या. त्या सगळ्या खरवडून काढल्या. लाकडावर दोन ठिकाणी पटाशी घसरली, ती कानशीने सावरली. नवा आरसा आणून कापून घेतला, तुझ्या पद्धतीने लावायला घेतला, आणि मग नवीनच दुखणं निघालं. पट्ट्या चिकटतात, पण जुळत नाहीत. शेंगेचा आतला भाग खोलगट आहे आणि वर पीळ आहे. पट्टी लाकडाच्या अंगाने लावली तर समोर उभा राहिलेला माणूस फाडलेल्या कागदासारखा दिसतो. एका पट्टीत कपाळ, दुसरीत छत, तिसरीत पुन्हा कपाळ.

डॉक्टरीणबाई बघायला आल्या होत्या. समोर उभ्या राहिल्या, डावीकडे झाल्या, उजवीकडे झाल्या. म्हणाल्या, "मला तीन नाकं आहेत."

मी म्हटलं, "अजून काम चालू आहे."

"चालू असू दे. पण संपेल तेव्हा एकच हवं."

बाई सरळ आहेत, मला आवडल्या. पण त्या गेल्यावर चिरंजीव दुकानातून मागे आला आणि म्हणाला, "बाबा, नाही म्हणून सांगा त्यांना. आपल्याकडच्या तयार फ्रेममधली एखादी चांगली देऊ."

"त्यांना चौकोनी नकोय."

"गोल देऊ."

त्याचं अगदीच चूक आहे असंही नाही. पुढचं दुकान तयार मालावर चाललंय, आणि मागचा कारखाना म्हणजे मी आणि माझा भुसा. तू होतीस तेव्हा त्याला कारखाना म्हणता यायचं.

तू पट्ट्यांखाली कागदाच्या घड्या घालून त्यांना कल द्यायचीस ते मला आठवतं. कुठल्या पट्टीला किती, ते कळत नाही. इथून लाकडाची मापं घेऊन पाठवली तर तिथून सांगता येईल का?

— सुतार

ता. क. पाकिटं हिच्याच कपाटात असतात, त्यामुळे हिच्याकडेच मागावी लागली. हिने कुणाला म्हणून विचारलं नाही. पाकीट दिलं आणि म्हणाली, "तिकीट नीट लावा, मागच्या वेळचं वाकडं होतं." म्हणजे मागच्या वेळचंही बघितलं होतं.


१९ मार्च

काचबाई,

या वेळी पूर्ण एक पान आलं, आणि वर 'बाबा' लिहिलं होतं. ते वाचून पुढचं वाचायला जरा वेळ लागला. चष्मा पुसत होतो.

तू लिहितेस की मापांनी काम होणार नाही, लाकूड हाताखाली हवं आणि समोर माणूस हवा. ते मलाही मनातून माहीत होतं. तू असंही लिहितेस की त्या घराची पायरी पुन्हा चढणार नाही. बरोबर आहे. चढ असं मी म्हणणारही नाही.

तुझं तिथलं काम कळलं. दिवसभर खिडक्यांच्या काचा कापायच्या, सगळ्या काटकोनात. "हात चालू राहतो, डोकं घरी ठेवून गेलं तरी चालतं" असं लिहिलंस. वाचून बरं वाटलं नाही, पण पोटापुरतं सगळ्यांनाच करावं लागतं. मीही उमेदवारीची वर्षं खुर्च्यांचे पाय कातण्यात घालवली, आणि सगळे पाय सारखेच.

इथे मी स्वतः प्रयत्न करून पाहिला. हिला आरशासमोर उभी केली आणि एकेक पट्टी हलवत गेलो. ही म्हणाली, "काय बघायचं ते सांगा, मला पोळ्या आहेत." काय बघायचं ते मलाच सांगता येईना. सगळ्या पट्ट्या पुन्हा काढून ठेवल्या. आता शेंग भिंतीला टेकून उभी आहे, पोट रिकामं. येणारा-जाणारा विचारतो, "ही होडी का?"

एक सुचतंय. तू येऊ नकोस. लाकूडच तुझ्याकडे आणलं तर? टेम्पो मिळतो. मी सोबत येईन, बाजूला बसेन, तोंड उघडणार नाही. तुझ्या मालकांना विचारून बघ, त्यांच्या मागच्या छपरात दोन दिवसांची जागा देतील का.

घरी सगळे मजेत. विशेष काही नाही.

— बाबा


५ एप्रिल

काचबाई,

तुझं पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. तू लिहितेस, "डिंक, पट्ट्या, डॉक्टरीणबाईंची नाकं, सगळं कळवलंत. त्याचं लग्न ठरलंय हे मात्र मला काचवाल्याकडून कळावं? लग्नाचं मला वाईट वाटलं नाही बाबा. 'विशेष काही नाही' याचं वाटलं."

लपवलं. ठरलं ते फेब्रुवारीतच. मला वाटलं, तुला कळलं की तुझी उत्तरं बंद होतील, आणि मला ती हवी होती. डिंकासाठी हवी होती हे अर्धंच खरं.

आता सगळं सांगतो. मुलगी नोकरी करते, पुस्तकांच्या दुकानात. समजूतदार वाटते. मागच्या रविवारी ती आणि तिचे आईवडील चहाला आले होते. ते येण्याआधी घरात एक नाटक झालं. दारातून आत शिरल्यावर समोर तुझा आरसा आहे, तो वाळलेल्या पानाच्या आकाराचा, तू अगदी सुरुवातीला केलेला. तू गेलीस त्या दिवशी हिने तो रागाने उतरवून माळ्यावर टाकला होता. आठवड्याच्या आत परत टांगला. मी विचारलं तर म्हणाली, "केस विंचरायला काय भिंतीत बघू?" तेव्हापासून तो तिथेच आहे.

तर रविवारी सकाळी चिरंजीव म्हणाला, "आई, आजच्या दिवस तो आरसा काढून ठेवूया."

ही म्हणाली, "का?"

"का म्हणजे? त्यांनी विचारलं, कुणी केला, तर काय सांगायचं?"

"जिने केला तिचं नाव सांगायचं. चोरून आणलाय का तो?"

चिरंजीव शर्ट बदलायला आत गेला. वर्षभर हिने घरात तुझं नाव घेतलं नव्हतं, 'ती' म्हणायची, आणि तेही दात आवळून. मला वाटायचं राग आहे. राग होताच. पण नुसता राग नसावा.

पाहुण्यांनी विचारलंच. मुलगीच त्याच्यासमोर उभी राहिली, बोटाने कडा चाचपून पाहिली आणि म्हणाली, "केवढा सुंदर आहे. कुणी केलाय?" हिने तुझं नाव घेतलं आणि म्हणाली, "आमची आधीची सून. हात फार चांगला होता." मुलीची आई कपातल्या चहाकडे बघायला लागली. मुलगी म्हणाली, "होता म्हणजे? आता नाही करत?"

हिने बिस्किटांची बशी पुढे केली. तो प्रश्न माझ्या डोक्यातून अजून गेला नाही. तुम्ही वेगळे झालात तेव्हा कपाट कुणाचं, पंखा कुणाचा, सगळ्यावर बोलणं झालं. कारखान्यातल्या बाकावर खिडकीकडची जागा तुझी होती, तिचं काय करायचं हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. नवऱ्यापासून वेगळी झालीस ते तुमचं तुम्ही ठरवलंत, त्यात मी बोललो नाही, आताही बोलत नाही. पण त्याच्याबरोबर हातातलं कामही सुटलं. ते सुटायचं काही कारण नव्हतं. काम तुझं माझं होतं, त्याचं नव्हतं.

मी आग्रह करत नाही. लाकूड कुठे पळून जात नाही. डॉक्टरीणबाईंना मी सांगितलंय की वेळ लागेल. म्हणाल्या, "लागू दे. माझे पेशंटपण मला हेच सांगतात."

तुला राग धरायचा असेल तर धर. फक्त कळव, म्हणजे वाट बघत बसणार नाही.

— बाबा


२२ एप्रिल

काचबाई,

"आणा." पाकीट फोडलं तर एवढाच शब्द. हिला दाखवला. ही म्हणाली, "चांगलं झालं, वाचायला चष्मा लागला नाही."

शुक्रवारी टेम्पो ठरवलाय. शेंग जुन्या गाद्यांत गुंडाळली आहे. पट्ट्या कापून आणत नाही, अख्खा आरसा आणतो, कापायचं ते तूच काप. तुझा काच कापायचा हिरा इथेच राहिला होता, तोही घेतला आहे.

चिरंजीवाला सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, तुम्हाला जे करायचं ते करा." आणि मग बाहेर जाऊन टेम्पोत दोऱ्या स्वतःच बांधल्या. मी बांधलेल्या सोडून पुन्हा बांधल्या.

आता एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे या वेळी 'विशेष काही नाही' असं व्हायला नको. ही पण येते म्हणतेय. मी म्हटलं, "तू कशाला?" म्हणाली, "मागे एकट्याने आरसा धरला होतात तेव्हा बोट कापून घेतलंत." हे कारण नाही, ते मला कळतं आणि तिलाही. तुला नको असेल तर टेम्पोवाल्याला फोन कर, तो मला सांगेल. फोन आला नाही तर दोघंही येतो.

— बाबा


९ मे

काचबाई,

आम्ही सुखरूप पोहोचलो, आरसाही सुखरूप पोहोचला. मग दोन-चार दिवस मी नुसता झोपलो. तुझ्याकडच्या दोन दिवसांत जे झालं ते तू पाहिलंच आहेस, पण माझ्या बाजूने कसं दिसलं ते लिहून ठेवावंसं वाटतं.

पहिला तासभर मला वाटलं, हिला आणून चूक केली. ती त्या स्टुलावर पिशवी मांडीवर घेऊन बसलेली, बस चुकलेल्या माणसासारखी. तू लाकडाभोवती फिरत होतीस, हात लावून बघत होतीस. तुम्ही दोघी एकमेकींशी नाही, माझ्याशी बोलत होतात. "बाबा, त्यांना म्हणावं खिडकीतून सरका, उजेड अडतोय." "तिला म्हणावं, सरकले." दोघींच्या मध्ये मी पोस्टमन.

मग तू पट्ट्या कापल्यास आणि म्हणालीस, जिना चढणारं माणूस हवं, खालून वर येणारं. माझे गुडघे तुला माहीत आहेत. राहिली कोण? ही. तू शिडी लावलीस आणि पहिल्यांदा सरळ तिच्याशी बोललीस, "आई, चढता का?"

ती चढली. तू पट्टीखाली घडी सरकवायचीस आणि विचारायचीस, "काय दिसतंय?"

"हनुवटी."

"एक पायरी वर. आता?"

"हनुवटीच. आणि तुझं डोकं. केस किती पिकलेत गं तुझे."

"केस राहू द्या. आणखी वर."

"आता कान दिसला. एकच. अगं, मी काय सर्कशीत आहे का?"

तिथे तू हसलीस. शिडीवर ती हसली, आणि शिडी हलायला लागली म्हणून मी धावलो. त्यानंतर संध्याकाळपर्यंत मला कुणी काही विचारलंच नाही. वर-खाली, वर-खाली, घडी काढ, घडी घाल. दुसऱ्या दिवशी दुपारी ती शिडीच्या वरच्या पायरीवर उभी राहिली. तू विचारलंस, "काय दिसतंय?" तर म्हणाली, "मी. सगळी."

आता तुला माहीत नसलेलं सांगतो. निघताना तिने तुझे हात बघून हातमोजे घालत जा म्हणून दम दिला, तो तू ऐकलास. टेम्पोत बसल्यावर मात्र अर्धा रस्ता ती वळून वळून मागे गाद्यांत गुंडाळलेल्या आरशाकडे बघत होती. मग एकदम म्हणाली, "रात्री राहिलो त्या तिच्या खोलीत आरसा नाहीये. पाहिलंत?"

मी म्हटलं, "दिवसभर काचेतच असते, घरी आणखी कशाला?"

म्हणाली, "तुम्हाला लाकडापलीकडे काही कळत नाही." आणि खिडकीबाहेर बघत बसली.

आता आरशाचं. डॉक्टरीणबाईंकडे बसवायला चिरंजीव आला होता. मी सांगितलं नव्हतं, आपणहून ड्रिल घेऊन आला. भिंतीत भोकं त्याने पाडली, शेंग आम्ही दोघांनी उचलली. मग बाईंना खाली पाठवलं आणि म्हटलं, आता चढून या. त्या चढायला लागल्या. आधी एका पट्टीत साडीचा काठ, मग एकीत हात, एकीत खांदा, असं वेगवेगळं कुठे कुठे. वळणाच्या पायरीवर आल्या आणि थांबल्या. नाक एक होतं. त्या स्वतःकडे बघतच राहिल्या. मग परत खाली गेल्या आणि पुन्हा चढून आल्या. तिसऱ्यांदा शेजारणीला बोलावून तिला चढवलं.

म्हणाल्या, "दिवसभर तुकडेच बघते मी. एक दाढ, एक सुळा. घरी येताना असं पूर्ण व्हायला छान वाटेल." मग चिरंजीवाला म्हणाल्या, "तुम्ही केलंत?"

तो म्हणाला, "मी फक्त भोकं पाडली. बाबा आणि त्यांच्या भागीदारीण आहेत, त्या दोघांचं काम आहे."

भागीदारीण. हा शब्द त्याने वापरला, मी नाही.

परत येताना गाडी तोच चालवत होता. सिग्नलला थांबलो तेव्हा समोर बघत विचारलं, "बरी आहे ना ती?"

"बरी आहे."

"तिथे आवडतं तिला?"

"खिडक्या कापायला कुणाला आवडेल?"

सिग्नल सुटला. बरंच पुढे गेल्यावर म्हणाला, "बाबा, तिने आपल्याकडे यायला नको. मला जमणार नाही, आणि जी येणार आहे तिलाही ते अवघड होईल. पण तुम्ही तिकडे जात जा. घरात मी सांगेन. लग्नाआधी तिलाही मीच सांगेन." मग म्हणाला, "ते काम बंद पडावं असं मला कधीच वाटलं नव्हतं. मला फक्त ते जमायचं नाही."

माझा मुलगा माझ्याशी एवढं सलग बऱ्याच वर्षांत बोलला नव्हता. मी "बरं" म्हटलं. आणखी काय म्हणणार?

तुझ्या मालकांशी मी निघतानाच बोलून ठेवलंय, तुला विचारायच्या आधी, त्याबद्दल रागावू नकोस. मागचं छप्पर त्यांना तसंही रिकामंच आहे, आणि तीन दिवस दुपारनंतर तुला सोडायलाही ते तयार आहेत. आठवड्यातले पहिले तीन दिवस मी तिथे लाकूड करीन, तू दुपारपर्यंत खिडक्या काप आणि दुपारनंतर माझ्याकडे ये. झोपायला त्यांच्या गोदामात खाट आहे. ही म्हणाली, "जा. तीन दिवस घरात भुसा येणार नाही." आणि मग म्हणाली, "महिन्यातून एकदा मी येईन. शिडीवर चढायला तिला कुणीतरी लागेलच."

डॉक्टरीणबाईंच्या शेजारणीला तसाच आरसा हवाय. तसाच दुसरा होणार नाही असं मी तिला परस्पर सांगून टाकलं. तिच्याकडे जिना नाहीच, एक लांबलचक अंधारा बोळ आहे, टोकाला एवढीशी खिडकी. मी बघून आलो. माझ्या मनात काहीतरी आहे, पण सांगत नाही. तू आधी तुझं सांग, मग भांडू.

सोमवारी पहिल्या गाडीने निघतोय. पटाश्या, रंधा आणि मोठा शिकंजा सोबत आहे, स्टँडवर हातगाडी मिळते का तेवढं बघून ठेव. छप्पर तुझ्या बाजूचं आहे, म्हणजे नियमही तुझे. चहा बाकावर ठेवायचा नाही, काचेवर सावली पडेल असं उभं राहायचं नाही, आणि विचारल्याशिवाय तुझ्या पट्ट्यांना हात लावायचा नाही. आणखी काही असेल तर भिंतीवर लिहून ठेव. मोठ्या अक्षरात लिही.

— बाबा